डायजेस्टरमध्ये 'इंजिनिअर्ड' जिवाणू सोडले तर गॅस वाढेल का?

एका सहकारी साखर कारखान्यातल्या केमिस्टनी विचारलेला प्रश्न असा: आमच्याकडे प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर, चालणारा सीबीजी (दाबलेला बायोगॅस) प्लांट आहे. जनुकबदल केलेलं कल्चर म्हणून कॅन विकायला लोक येतात आणि डायजेस्टरमध्ये, म्हणजे गाळ हवेविना कुजवण्याच्या टाकीत, सोडलं की गॅस दुप्पट होईल असं सांगतात. त्यात तथ्य किती? दुसरं म्हणजे, मुलगी बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते. तिच्या वाचनात आलं की परदेशात जिवाणूंकडून थेट प्रोपेन, म्हणजे घरच्या सिलिंडरमधला गॅस, तयार करून घेतला आहे. मग आपण अजून मिथेनच्याच मागे का, आणि ते तंत्र आपल्याकडे कधी येणार?

साहेब, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे. दुसऱ्याचं उत्तर लांबणार आहे, कारण मुलीने वाचलं ते खरं आहे आणि ते काम मला मनापासून आवडतं. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: जनुकबदल केलेला जीव कुठे टिकतो आणि कशासाठी टिकवायचा. तो बंद, निर्जंतुक फर्मेंटरमधला, म्हणजे एकच जीव वाढवायच्या टाकीतला, जीव आहे. तुमचा डायजेस्टर हे त्याचं घर नाही.

आधी गॅस दुप्पट होण्याचा हिशोब बघू. तो कागदावरच सुटतो. मिथेनमधली ऊर्जा जिवाणू तयार करत नाहीत, ती फीडमध्ये, म्हणजे टाकलेल्या कच्च्या मालात, आधीच असते. तुम्ही रोज लॅबमध्ये सीओडी काढता, म्हणजे फीड पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते मोजता. एक किलो सीओडी पूर्णपणे मिथेनमध्ये गेला तर प्रमाण तापमान-दाबाला ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, त्याहून जास्त मिळत नाही. कुठलंही जनुक हा आकडा ओलांडू शकत नाही. ग्लुकोजचं उदाहरण घ्या. एक मोल ग्लुकोज जाळला तर सुमारे २,८०५ किलोज्यूल उष्णता मिळते. हवेविना कुजवला तर त्याचे तीन मोल मिथेन आणि तीन मोल कार्बन डायऑक्साइड होतात, आणि त्या तीन मोल मिथेनमध्ये सुमारे २,६७० किलोज्यूल असतात. म्हणजे ९५ टक्के ऊर्जा गॅसमध्ये येते. जिवाणू आपल्या जगण्यासाठी उरलेल्या तुटपुंज्या वाट्यावर भागवतात. निसर्गानेच ९५ टक्क्यांवर नेऊन ठेवलेली ही प्रक्रिया जनुकं बदलून दुप्पट कशी करणार?

आता तुम्ही म्हणाल, आमच्या प्लांटला तर अपेक्षेच्या दोन तृतीयांशच गॅस निघतो. बरोबर आहे, पण उरलेला तिसरा हिस्सा कुठे अडकला आहे ते बघा. तो बगॅसच्या बारीक तंतूंमधल्या लिग्निन या सहज न कुजणाऱ्या भागात आहे, प्रेसमडच्या मेणात आहे, आणि डायजेस्टरमध्ये पुरेसे दिवस न राहता बाहेर पडलेल्या फीडमध्ये आहे. काही हिस्सा तर प्रेसमड डायजेस्टरला पोचण्याआधीच उघड्या ढिगाऱ्यात गेलेला असतो. मिथेन तयार करणारे जीव कमी पडले म्हणून गॅस कमी, असं क्वचितच असतं. अडतं ते बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर, म्हणजे घट्ट तंतू फुटून विरघळण्यावर.

बाहेरून टाकलेला जीव डायजेस्टरमध्ये का टिकत नाही, हेही समजून घ्या. डायजेस्टरमध्ये शेकडो जातींची वस्ती असते. कोणी सेल्युलोज फोडतं, कोणी साखरेचं आम्ल करतं, कोणी प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लाचं ॲसिटेट आणि हायड्रोजन करतं, आणि शेवटी आर्किया गटातले जीव त्याचा मिथेन करतात. या साखळीत मोकळी साखर क्षणभरही शिल्लक राहत नाही. सुटली की कोणीतरी खाल्लीच. ई. कोलाय हा प्रयोगशाळेतला नेहमीचा जिवाणू ताटात वाढलेल्या ग्लुकोजवर वाढलेला असतो. वर त्याच्या अंगावर बाहेरून घातलेल्या जनुकांचं ओझं. जादा प्रथिनं बनवण्यात त्याची शक्ती खर्च होते, त्यामुळे तो शेजाऱ्यांपेक्षा हळू वाढतो. डायजेस्टरमधून रोज स्लरी बाहेर जाते, आणि जो हळू वाढतो तो त्या स्लरीबरोबर वाहून जातो. जो जनुकं टाकून देतो तोच टिकतो, आणि मग आपण पैसे मोजलेली जनुकंच नाहीशी होतात. फर्मेंटरमध्ये प्लास्मिड, म्हणजे ही जनुकं वाहणारं डीएनएचं कडं, टिकवायला अँटिबायोटिक घालतात. डायजेस्टरमध्ये ते घालायचा प्रश्नच येत नाही.

तरीही कोणी कॅन घेऊन आलाच, तर त्याला हाकलू नका. त्याच्या मालाची परीक्षा घ्या. तुमच्या लॅबमध्येच होईल अशी आहे. स्वतःच्या डायजेस्टरची स्लरी काही दिवस ३७ अंशावर फीड न देता ठेवा, म्हणजे तिच्यातला जुना गॅस निघून जाईल. मग अर्ध्या लिटरच्या बाटल्या भरा. काहींत नुसती स्लरी, काहींत स्लरी आणि शुद्ध सेल्युलोज, काहींत स्लरी आणि तुमचा प्रेसमड, काहींत त्यावर विक्रेत्याचं कल्चर. आणि काही बाटल्यांत तेच कल्चर, पण आधी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला मारलेलं. हा शेवटचा गट विसरू नका, सगळं त्यावर आहे. कल्चरच्या कॅनमध्ये मळी, यीस्टचा अर्क, क्षार असं बरंच खाद्य असतं, त्याचाही गॅस होतो. कधी त्यात निकेल-कोबाल्टसारखे सूक्ष्म धातू असतात आणि उपाशी आर्किया त्यांनीच तरतरीत होतात. जिवंत आणि मेलेलं कल्चर सारखाच गॅस देत असेल, तर तुम्ही जिवाणू विकत घेत नाही, त्यांचं खाद्य विकत घेताय. प्रत्येक गटात तीन बाटल्या, महिनाभर मोजमाप. सेल्युलोजच्या बाटलीकडेही लक्ष ठेवा: एक ग्रॅम सेल्युलोजला सैद्धांतिक मर्यादा सुमारे ४१५ मिलिलिटर मिथेनची आहे. तिथे साडेतीनशेच्या आसपास पोचला नाहीत तर चाचणीच बिघडली आहे, बाकी आकड्यांवर विसंबू नका.

तुमच्या प्लांटला खरोखर गॅस वाढवायचा असेल तर मी आधी प्रेसमडच्या ढिगाऱ्यापाशी जाईन. पहाटे ढीग वाफाळताना दिसतो ना? ती वाफ म्हणजे हवेत कुजून चाललेला तुमचा गॅस. साखर, मेणाचा काही भाग, सहज कुजणारं सगळं तिथे कार्बन डायऑक्साइड होऊन जातं आणि डायजेस्टरच्या वाट्याला चोथा येतो. गाळप हंगाम संपल्यावर वर्षभर फीड पुरवायचं म्हणून साठवण करावीच लागते, ती दाबून, झाकून, हवा बंद करून करा. सल्फिटेशनचा, म्हणजे रस गंधकाच्या वायूने साफ करणारा, कारखाना असेल तर प्रेसमडमध्ये गंधक जास्त येतं, हायड्रोजन सल्फाइड चढतो आणि आर्कियांना जे लोह-निकेल-कोबाल्ट हवं ते सल्फाइड होऊन तळाशी बसतं. फेरिक क्लोराइडचा डोस, सूक्ष्म धातू आणि आम्ल-अल्कलिनिटीचं रोजचं टायट्रेशन, यांतून जे मिळतं ते कुठल्याही कॅनमधून मिळणार नाही. आम्ल भागिले अल्कलिनिटी हे टायट्रेशनचं गुणोत्तर ०.३ ते ०.४ च्या आसपास असेल तर स्वस्थ राहा; ते चढू लागलं की पीएच पडायची वाट न बघता फीड कमी करा. पीएच पडलेला दिसतो तोवर आंबणं सुरू होऊन बराच वेळ गेलेला असतो. आणि खरोखरच नवं बी टाकायची वेळ आली, तर चांगल्या चालणाऱ्या शेजारच्या प्लांटची टँकरभर स्लरी आणा. तिच्यातली वस्ती त्याच खाद्यावर वाढलेली असते.

जनुकबदल केलेल्या जिवांचा तुमच्या प्लांटशी एक रास्त संबंध मात्र आहे, तो विकरांचा, म्हणजे एन्झाइमचा. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू कुजवणारी एक बुरशी सापडली. आज ती ट्रायकोडर्मा रीसेई या नावाने ओळखली जाते. तिच्यापासून निवडलेले आणि पुढे जनुकं बदललेले वाण बंद टाक्यांमध्ये सेल्युलोज फोडणारी विकरं टनांनी तयार करतात. जीव कारखान्यातच राहतो, तुमच्याकडे येतं ते फक्त प्रथिन. तेही थेट डायजेस्टरमध्ये ओतू नका, तिथले जिवाणू त्याला अन्न समजून खातात. वेगळ्या लहान टाकीत, योग्य तापमानाला, फीडवर काही तास काम करू द्या आणि विकराचा खर्च जादा गॅसमधून निघतो का ते वरच्याच बाटल्यांच्या चाचणीने तपासा. पेंढ्यासारख्या कोरड्या मालात कधी निघतो. प्रेसमडमध्ये निघेल असं मी आधी गृहीत धरणार नाही.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो.

२०१४ साली लंडनचं इम्पिरियल कॉलेज आणि फिनलंडचं तुर्कू विद्यापीठ इथल्या संशोधकांनी ई. कोलायकडून प्रोपेन तयार करून दाखवला. पॅट्रिक जोन्स यांचा हा गट. निसर्गात प्रोपेन बनवणारा सरळ मार्ग ज्ञात नव्हता, म्हणून त्यांनी तो वेगवेगळ्या जिवांची विकरं जोडून बांधला. ई. कोलाय स्वतःच्या पेशीसाठी लांब स्निग्धाम्लं बनवत असतो. ती साखळी चार कार्बनांची झाली की तिथेच कापायची. त्यासाठी बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या आतड्यातल्या जिवाणूचं विकर. मिळालेल्या ब्युटिरिक आम्लाचं ब्युटिराल्डिहाइड करायचं. त्यासाठी मायकोबॅक्टेरियम मरायनमचं विकर. आणि शेवटी त्यातला एक कार्बन काढून टाकायचा म्हणजे तीन कार्बनांचा प्रोपेन उरतो. ते काम प्रोक्लोरोकॉकस या समुद्री सायनोबॅक्टेरियाच्या विकराचं. अडचण अशी की अल्डिहाइड विषारी, म्हणून ई. कोलाय ते लगेच अल्कोहोलमध्ये बदलून टाकतो. मग तसं करणारी त्याची स्वतःची जनुकं काढून टाकावी लागली. शेवटच्या विकराला इलेक्ट्रॉन पुरवायची सोय वेगळी करावी लागली.

असं काम जवळून कसं दिसतं ते सांगतो. छोट्या काचेच्या व्हायलमध्ये थोडं कल्चर, वर रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी चिमट्याने आवळलेली. रात्रभर हलत ठेवल्यावर बूच टोचून वरच्या हवेतला थोडासा नमुना गॅसच्या सिरिंजने काढायचा आणि वायू वेगळे करून मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफमध्ये सोडायचा. प्रोपेनच्या वेळेला एक बारीक टोक उमटतं. ते टोक उमटलं की लॅबमध्ये सगळे स्क्रीनभोवती जमतात, आणि जमावंच. साखर खाणाऱ्या जिवाणूने पेट्रोलियममधला रेणू बाहेर टाकला आहे, ही माझ्या मते या क्षेत्रातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

पण त्या कामातलं सर्वोत्तम उत्पादन होतं लिटरला ३२ मिलिग्रॅम. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. त्या दराने एक सिलिंडर भरायला सुमारे ४ लाख ४४ हजार लिटर कल्चर लागेल. त्याच सिलिंडरइतकी ऊर्जा शेणाच्या गॅसमधून हवी असेल तर साधारण ३१-३२ घनमीटर बायोगॅस पुरतो, म्हणजे सुमारे ८०० किलो शेण. रोज पन्नास किलो शेण खाणारं घरामागचं दोन घनमीटरचं गोबरगॅस संयंत्र हे काम सोळा-सतरा दिवसांत करतं, तेही कुठलीही जागा निर्जंतुक न करता. मुलीला हा गुणाकार करून बघायला सांगा. तिचा उत्साह कमी व्हावा म्हणून नव्हे. कुठे काम करायला वाव आहे ते यातूनच कळतं.

वायू इंधनाचा मोठा फायदा तुम्हाला सर्वांत लवकर पटेल, कारण तुमच्या शेजारीच डिस्टिलरी असणार. वॉशमध्ये, म्हणजे आंबवलेल्या द्रावात, आठ-दहा टक्के अल्कोहोल, आणि ते वेगळं काढायला किती वाफ लागते हे तुम्ही रोज बघता. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, त्यामुळे तो पेशीतून निघाला की बुडबुडा होऊन वर येतो. पेशीला त्याचं विष बाधत नाही, ऊर्ध्वपातनाचा मनोरा लागत नाही. म्हणूनच सगळे या रेणूंच्या मागे लागले. पण २०१४ च्या मार्गात शेवटच्या विकराला ऑक्सिजन लागतो, म्हणून टाकीत हवा सोडावी लागते. मग वर येणाऱ्या हवेत प्रोपेन अगदी विरळ मिसळलेला असतो आणि वाचलेला खर्च तो वेगळा करण्यात जातो. शिवाय हवेत २.१ ते ९.५ टक्के प्रोपेन असेल तर ठिणगीला स्फोट होतो. उत्पादन वाढवत नेलं की आपण नेमके त्या पट्ट्यात शिरतो. लॅबच्या व्हायलमध्ये हे जाणवत नाही. शंभर घनमीटरच्या टाकीवर काम करणाऱ्याला दुसरं काही सुचणार नाही. आणि ते विकर स्वभावानेच अतिशय मंद आहे. मिनिटाला जेमतेम एखादा रेणू, तोही चांगल्या दिवशी.

म्हणून २०१७ साली फ्रान्समधल्या कादाराश इथे सापडलेलं एक विकर महत्त्वाचं ठरलं. क्लोरेला या शेवाळातलं हे विकर निळ्या प्रकाशाच्या बळावर स्निग्धाम्लातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि हायड्रोकार्बन मोकळा करतं. ऑक्सिजन नको, अल्डिहाइडची पायरी नको. त्याची आवड सोळा-अठरा कार्बनांच्या लांब आम्लांची आहे. मँचेस्टर विद्यापीठात नायजेल स्क्रटन यांच्या गटाने त्याच्या ४६२ व्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन बसवलं, तेव्हा ते ब्युटिरिक आम्लासारखी लहान आम्लंही बऱ्यापैकी घेऊ लागलं आणि प्रोपेन देऊ लागलं. त्याच गटाने अमिनो आम्लांपासूनही वायू काढले: व्हॅलीनपासून प्रोपेन, ल्युसीनपासून आयसोब्युटेन, आयसोल्युसीनपासून ब्युटेन. म्हणजे एलपीजीचं मिश्रणच, कारण आपल्या सिलिंडरमध्येही नुसता प्रोपेन नसतो, ब्युटेन असतोच. शिवाय त्यांनी ई. कोलाय सोडून हॅलोमोनास हा मिठाच्या पाण्यात वाढणारा जिवाणू घेतला. खारट, अल्कधर्मी पाण्यात दुसरं फारसं काही वाढत नाही, त्यामुळे टाकी निर्जंतुक करायचा खर्च टळतो. या निवडीत मला मोठं शहाणपण दिसतं. प्रयोगशाळेतला लाडका जीव घेऊन त्याला कारखान्याची सवय लावण्यापेक्षा, कारखान्यात टिकणारा जीव घेऊन त्याला जनुकं शिकवलेली बरी.

अडचण आता प्रकाशाची. दाट कल्चरमध्ये निळा प्रकाश पृष्ठभागापासून थोड्याच अंतरात शोषला जातो. टाकी मोठी केली की आत अंधार. उथळ ठेवावी तर जागा लागते, दिवे लावावेत तर वीज लागते, आणि तोच निळा प्रकाश जास्त झाला तर विकर स्वतःच निकामी होतं. यावर उत्तर निघेल, पण ते जनुकशास्त्रज्ञ एकटा काढणार नाही, त्याला टाकी बांधणारा इंजिनिअर लागेल.

आणि फीडचा हिशोब उरतोच. सगळ्यात काटकसरीच्या मार्गाने एका ग्लुकोजचं एक ब्युटिरिक आम्ल होतं आणि त्याचा एक प्रोपेन. वजनात बघा: १८० ग्रॅम ग्लुकोजला ४४ ग्रॅम प्रोपेन. १४.२ किलोचा सिलिंडर भरायला, एक कणही वाया न जाता, ५८ किलो साखर. केंद्राने २०१९ साली ठरवलेला किलोला ३१ रुपये हा किमान विक्री दर धरला तरी नुसत्या साखरेचे १,८०० रुपये झाले. म्हणजे साखरेपासून एलपीजी करायचा विचार सोडून द्या. या तंत्राला भवितव्य असेल तर ते टाकाऊ मालापासून मिळणाऱ्या आम्लांवर. आणि ती आम्लं कुठे होतात? तुमच्याच डायजेस्टरच्या पहिल्या पायरीत. आम्लाची टाकी वेगळी ठेवली, मिथेनची पायरी येऊ दिली नाही, तर ब्युटिरिक आम्ल साठतं. ते गाळून दुसऱ्या बंद टाकीतल्या जनुकबदल केलेल्या जिवाला द्यायचं. पहिल्या टाकीत निसर्गातली वस्ती, दुसरीत घडवलेला जीव, दोघांच्या मध्ये गाळणी. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात खरी वाट ही आहे. अवघड जागाही तिथेच आहे: पहिल्या टाकीतून एकच आम्ल येत नाही, ॲसिटिक आणि प्रोपिऑनिकही येतात, आणि त्यांचं प्रमाण फीडप्रमाणे रोज बदलतं.

हायड्रोजनबद्दलही ती वाचत असेल. तिथे जनुकबदल बराच झाला आहे. ई. कोलाय फॉर्मिक आम्लाचे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतो. त्याला आवर घालणारं नियंत्रक जनुक काढलं, हायड्रोजन परत खाणारी विकरं बंद केली, लॅक्टिक आणि सक्सिनिक आम्लाकडे जाणाऱ्या वाटा अडवल्या, की हायड्रोजन वाढतो. पण या मार्गाने एका ग्लुकोजला दोनच हायड्रोजन मिळू शकतात, क्लॉस्ट्रिडियमच्या मार्गाने जास्तीत जास्त चार. चार मिळाले तरी ग्लुकोजमधल्या ऊर्जेचा ४१ टक्केच हिस्सा गॅसमध्ये येतो, दोन मिळाले तर २० टक्के. बाकी ॲसिटेटसारख्या पदार्थांत राहते. त्यामुळे नुसता हायड्रोजन काढून उरलेलं फेकणं म्हणजे अर्ध्याहून जास्त फीड फेकणं. आधी हायड्रोजन, मग उरलेल्याचा मिथेन, असं दोन टाक्यांत केलं तरच हिशोब बसतो. शेवाळाकडून किंवा प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंकडून हायड्रोजन काढण्याचं शास्त्र फार सुंदर आहे, इंधन म्हणून अजून दूर आहे. २०१६ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॅरोलिन हारवूड यांच्या गटाने ऱ्होडोस्यूडोमोनास या जिवाणूच्या नायट्रोजनेज विकरात फक्त दोन अमिनो आम्लं बदलून त्याच्याकडून प्रकाशाच्या बळावर कार्बन डायऑक्साइडचा मिथेन करून घेतला. प्रमाण नगण्य, पण एकच विकर ते करू शकतं हे कळणं मोठं आहे.

मिथेन बनवणाऱ्या आर्कियांची जनुकं बदलता येत नाहीत असं नाही. त्यांच्यातल्या मिथॅनोसार्सिनामध्ये २०१७ पासून क्रिस्पर हे जनुकं कापून बदलण्याचं तंत्र वापरता येतं. पण हे जीव ऑक्सिजनचा लवलेश सहन करत नाहीत, सगळं काम हवाबंद पेटीत हातमोजे घालून करावं लागतं, आणि त्यांच्या वसाहती दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तुमच्या धंद्याला जवळचा प्रयोग वेगळाच आहे. कोपनहेगनजवळ आवेडोर इथे २०१६ मध्ये इलेक्ट्रोकिया कंपनीने एक मेगावॅटचा प्लांट चालवला. त्यात मिथॅनोथर्मोबॅक्टर हा जीव बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड आणि बाहेरून दिलेला हायड्रोजन यांचा मिथेन करतो. तो जीव जनुकबदल केलेला नाही, निवडून काढलेला आहे, आणि तो उत्तम काम करतो. तुमच्या गॅसमधला चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्याऐवजी मिथेन झाला तर कोणाला नको? अडतं ते हायड्रोजनच्या किमतीवर. एक किलो मिथेनला अर्धा किलो हायड्रोजन लागतो, आणि पाण्यापासून तो काढायला किमान पंचवीस युनिट वीज. युनिटला पाच रुपये धरले तर नुसत्या विजेचे सव्वाशे रुपये. केंद्राच्या 'सतत' या सीबीजी खरेदीच्या योजनेत २०१८ साली सीबीजीचा सुरुवातीचा दर किलोला ४६ रुपये होता. पुढे वाढला, पण इतका नाही. वीज जवळपास फुकट पडून असेल त्या तासांसाठीच हे तंत्र आहे. शिवाय हायड्रोजन पाण्यात फार कमी विरघळतो, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या आसपास. त्यामुळे जिवाच्या वेगापेक्षा बुडबुड्यातून पाण्यात गॅस उतरण्याचा वेगच कमी पडतो. इथेही अडचण जनुकात नाही.

किमतीचा मुद्दा फ्रान्सच्या ग्लोबल बायोएनर्जीज या कंपनीच्या वाटचालीतही दिसतो. जनुकबदल केलेल्या ई. कोलायकडून आयसोब्युटीन हा वायू काढण्यात ते खूप पुढे गेले, जर्मनीत लॉयना इथे प्रात्यक्षिक प्लांट उभारला. पुढे त्यांनी आपला माल सौंदर्यप्रसाधनांकडे वळवला, कारण तिथे त्याच रेणूला इंधनाच्या कितीतरी पट भाव मिळतो. जाळून टाकायच्या वस्तूला बाजार फार थोडे पैसे देतो. घडवलेला जीव, निर्जंतुक टाकी, शुद्ध साखर हे तिन्ही त्यात बसवणं कठीण.

कायद्याचंही सांगतो, कारण कॅन विकणारे हे सांगत नाहीत. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत. जनुकबदल केलेला जीव बंदिस्त वापरायलाही संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम ही समिती यांच्या चौकटीतून जावं लागतं, आणि पर्यावरणात सोडायचा तर पर्यावरण मंत्रालयाच्या जीईएसी या समितीकडे. तुमची स्लरी कुठे जाते? सेंद्रिय खत म्हणून सभासदांच्या उसात. म्हणजे डायजेस्टरमध्ये असा जीव टाकणं हे शेतात सोडणंच झालं. त्याच्या अंगावर अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक असेल तर ते स्लरीतल्या इतर जिवाणूंकडे जाऊ शकतं. म्हणून विक्रेत्याला एकच लेखी गोष्ट मागा: हा जीव जनुकबदल केलेला आहे की नाही, आणि असेल तर परवानगीचा कागद. बहुतेक वेळा उत्तर येईल की तो साधा मिश्र कल्चर आहे आणि 'इंजिनिअर्ड' हा शब्द लेबलवर शोभेसाठी आहे. मग त्याचा भावही साध्या कल्चरचाच ठरवा.

मुलीला प्रकल्प निवडायचा असेल तर माझं मत असं: थेट प्रोपेनच्या मागे लागण्याऐवजी आम्लाच्या टाकीवर काम करावं. ताज्या प्रेसमडपासून, पीएच आणि राहण्याचा काळ बदलून, ब्युटिरिक आम्लाचा वाटा किती वाढवता येतो? मेण त्यात किती आडवं येतं? हंगामाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रेसमडमध्ये फरक पडतो का? याला जनुकबदलाची परवानगी लागत नाही, लहान काचेच्या टाक्यांवर होतं, आणि कच्चा माल वडिलांच्या कारखान्यातच आहे. आम्ल मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागेल. कॉलेजात नसेल तर डिस्टिलरीच्या लॅबमध्ये अल्कोहोल तपासायला असतो, त्यात कॉलम बदलून चालतो का ते विचारा. हवाबंद जिवांचं काम शिकायचं असेल तर पुण्यातली आघारकर संशोधन संस्था मिथेन निर्माण करणाऱ्या जिवांवर दीर्घकाळ काम करते आहे, आणि जनुकबदलाच्या बाजूने मुंबईत आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाचं ऊर्जा-जैवविज्ञान केंद्र आहे. अर्ज करताना तिच्या हातात आम्लाच्या टाकीचे स्वतः मोजलेले आकडे असले तर पुढची जनुकांची वाट तिला तिथे शिकता येईल. नमुने घेताना मात्र ढिगाऱ्याच्या पोटातून आणि फिल्टरच्या तोंडातून असे दोन वेगळे घ्यायला सांगा, आणि कारखान्यातून निघताच बर्फात ठेवायला सांगा. प्रवासात तापलेल्या पिशवीतला प्रेसमड लॅबला पोचेपर्यंत आंबायला लागलेला असतो, आणि मग तो आकडा कारखान्याचा राहत नाही.